कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढा

आपण जेवायला बसलो की तो समोर येऊन बसतो, डोळे आपल्या हातावर, आणि मग नाही म्हणवत नाही, खरंय. द्या ना, पण ताटातलं नको, त्याचा वाटा स्वयंपाक चालू असतानाच बाजूला काढून ठेवायचा, कांदा लसूण मीठ मसाला पडायच्या आधी. हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, साधा भात, गाजर, लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद, एवढं बहुतेक कुत्र्यांना चालतं. नवीन काही देताना एका वेळी एकच, तेही थोडंसंच, आणि मग एक-दोन दिवस पोट बिघडत नाही ना ते बघा.

कांदा-लसूण शिजवला की बाधत नाही असं खूप जण समजतात, पण तसं नाहीये, शिजवलेला, वाळवलेला, पावडर, सगळाच वाईट. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं कधीकधी तीन-चार दिवसांनी दिसतात, तोपर्यंत आपण काय दिलं होतं तेच विसरलेलो असतो. म्हणूनच रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी नको, रस आत मुरलेला असतो.

द्राक्षं, मनुका अजिबात नाही, किडनी जाऊ शकते आणि अमुक इतकी चालतील असा कुठला आकडाच नाही. चॉकलेट जितकं डार्क तितकं घातक. शुगर-फ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमधे झायलिटॉल असतं, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, त्याने कुत्र्याची शुगर अर्ध्या तासातही धाडकन खाली येऊ शकते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय काही चाटायला देऊ नका प्लीज. शिजवलेली हाडं पण नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

आणि चालणारं हे जादाचं खाणं सगळं मिळून त्याच्या दिवसभराच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आतच, बाकी त्याचं नेहमीचं जेवण. ५ किलोच्या कुत्र्याला आपला एक घास म्हणजे बरंच झालं, हे घरातल्या लहान मुलांना आणि पाहुण्यांनाही सांगून ठेवा, कारण टेबलाखालून गुपचूप देणारे तेच असतात.

चुकून नको ते खाल्लंच तर लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच व्हेटला फोन करा, काय खाल्लं, किती, कधी आणि कुत्र्याचं वजन सांगा, रॅपर सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मीठच अंगाशी येतं.