वायफायवर वेगमर्यादा लावायची तर आधी अपलोड आवरा

कोणी मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला की बाकीच्यांचे कॉल तुटायला लागतात. मग लोक एकेका मोबाईलला दोन-दोन एमबीपीएसची वेसण घालत बसतात. तसलं काही करू नका. आधी सगळ्या लाइनवर मिळून एकच मर्यादा लावा, आणि तीही आधी अपलोडवर.

राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' उघडा. बाकीची उपकरणं बंद ठेवून, केबल लावून वेग तीनदा मोजा आणि सर्वांत कमी आलेला आकडा धरा. वायफायवर मोजलात तर लाइनचा नाही, मधल्या भिंतींचा वेग कळेल.

आता आकडा भरायचा, आणि इथेच सगळे फसतात. जेवढा वेग आला तेवढाच भरला तर मर्यादा असून नसल्यासारखी. डेटाची रांग मोडेममध्ये साचते आणि तिथे आपलं काही चालत नाही. रांग आपल्या राउटरमध्येच लागावी म्हणून मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्केच भरा. 'थोडा वेग वाया जातो' ही तक्रार ज्याचे कॉल तुटत नाहीत त्याने खुशाल करावी.

शिवाय रकान्यापुढचं एकक वाचा. माझं अपलोड २० एमबीपीएस, म्हणून मी ऐटीत १८ भरलं. रकाना केबीपीएसचा होता, भरायला हवे होते १८,०००. इंटरनेट ठप्प. राउटरचं पान मात्र झटक्यात उघडत होतं, म्हणजे राउटर ठीक आहे असं समजून मी तासभर फोनवर कंपनीशी भांडलो. चूक माझीच होती. काही ठिकाणी वेग मेगाबाइटमध्ये दाखवतात, तो असेल तर आठने गुणा.

सेव्ह केल्यावर एका संगणकावर सतत पिंग (छोटा संदेश जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची मोजणी) चालू ठेवा आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल चढवा. फाइल चढताना ती वेळ १५ मिलीसेकंदांवरून ३०० वर जात असेल तर आकडा पाच-पाच टक्क्यांनी उतरवा. आकडा कितीही बदलला तरी ढिम्म फरक पडत नसेल, तर 'हार्डवेअर एनएटी' किंवा 'फ्लो ऑफलोडिंग' ही डेटा झटपट पुढे ढकलणारी सोय चालू असणार. त्यात डेटा मर्यादेला वळसा घालून जातो. ते बंद करा. मात्र मग सगळा भार राउटरच्या प्रोसेसरवर येतो आणि वेगवान लाइनवर साधा राउटर धापा टाकतो.

डाउनलोडचंही असंच. राउटरमध्ये 'एसक्यूएम' (रांग आवरणारी सोय) असेल तर त्यात 'केक' हा पर्याय निवडा, सगळ्यांमध्ये वेगाची वाटणी तोच करतो.

तरीही एखाद्याच मोबाईलला बांधायचं असेल, तर त्याला राउटरमधून कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या आणि मोबाईलमध्ये त्या नेटवर्कपुरता 'रँडम मॅक' बंद करा. मॅक म्हणजे राउटर ज्यावरून मोबाईल ओळखतो तो क्रमांक; 'रँडम'मध्ये मोबाईल खऱ्याऐवजी बनावट क्रमांक सांगतो. अँड्रॉइड १० पासून तो बहुतेक मोबाईलमध्ये आपोआप चालू असतो, आणि नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की काही मोबाईल नव्याच क्रमांकाने हजर होतात. पाहुण्यांच्या नेटवर्कवरची मर्यादा माणशी आहे की सगळ्यांची मिळून, तेही तपासा.

लांबच्या खोलीतला, जेमतेम सिग्नलवर तग धरून असलेला लॅपटॉप मात्र यातल्या कशाने सुधारणार नाही. तो थोडाच डेटा घेतो, पण तेवढ्यासाठी हवेतला वेळ भरपूर अडवतो. त्याला केबल द्या.