लेथला रेग्युलेटर लावण्याआधी

आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं काढून मी इचलकरंजीत मागांच्या शेडमध्ये वायरिंग आणि मेंटेनन्सला लागलो. पहिला लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) घरी बनवला तो त्याच काळात. चॅनेलचा सांगाडा, दोन पेडेस्टल बेअरिंग, एक शाफ्ट आणि जुन्या कॉम्प्रेसरवरून काढलेली अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर. मोटरवर आणि शाफ्टवर सारख्याच मापाच्या पुल्या बसवल्या, म्हणजे शाफ्टही मोटरच्याच, मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरणार. लाटणी, पलंगाचे पाय, रवीचे दांडे झकास कातले जायचे. मग आईने काठवट मागितली.

काठवट म्हणजे बारा इंचांचा आंब्याच्या लाकडाचा गोळा. कुऱ्हाडीने जमेल तेवढा गोल केला, चढवला आणि स्विच टाकला. लेथ जागचा चालायला लागला, अगदी शब्दशः. १४४० फेऱ्यांना बारा इंची लाकडाची कड ताशी ऐंशी किलोमीटरने पळत असते हा हिशोब मी नंतर केला. तेव्हा फक्त प्लग उपटला आणि लांब जाऊन उभा राहिलो.

त्या रात्री डोक्यात तोच विचार आला जो घरी मशीन बनवणाऱ्या प्रत्येकाच्या येतो. पंखा रेग्युलेटरने हळू होतो, मग मोटर का होणार नाही? बाजारात दोन हजार वॉटचा, गोल बटणाचा डिमर सहज मिळतो. तो आणून लावला. मोकळी मोटर फिरवली तर बटण बऱ्यापैकी खाली आणेपर्यंत स्पीड जवळजवळ तसाच. पटाशी लाकडाला टेकवली की मात्र मोटर बसायची. मागच्या झाकणातून टक्, मग पुन्हा टक् असा आवाज येई. मला वाटलं बेअरिंग गेलं असेल. पाच-सात मिनिटांत वार्निशचा तो कडवट धूर आला. एकदा घेतलेला तो वास विसरत नाही.

मोटर घेऊन वाइंडिंगवाल्या, म्हणजे मोटरच्या तारेच्या कॉइल भरणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी झाकण काढलं, काळी पडलेली कॉइल बोटाने खरवडली आणि म्हणाले, "ही जळाली न्हाई, तू जाळलीस. डिमर लावलावतास न्हवं?"

मग त्यांनी जे समजावलं ते आयटीआयच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पण डोक्यात शिरलेलं नव्हतं. इंडक्शन मोटरचा वेग व्होल्टेजवर नाही, फ्रीक्वेन्सीवर (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) आणि पोलच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या चुंबकी ध्रुवांच्या संख्येवर ठरतो. १२० गुणिले फ्रीक्वेन्सी भागिले पोल. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे चार पोलच्या मोटरला १५००. थोडी घसरण धरून नेमप्लेटवर १४४० लिहिलेलं असतं. व्होल्टेज कमी केलं की वेग फारसा उतरत नाही, उतरते ती ताकद, आणि तीही वर्गाने. निम्म्या व्होल्टेजला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, एक चतुर्थांश. वर या मोटरमध्ये सेंट्रिफ्युगल स्विच असतो. सुरू होताना तो स्टार्टिंगची वाइंडिंग कॅपॅसिटरसह जोडतो आणि पाऊण स्पीडच्या आसपास तोडतो. मी लोडवर स्पीड पाडला की स्विच पुन्हा जोडला जायचा. ती टक्टक् त्याची होती. जी वाइंडिंग सेकंद-दोन सेकंदांसाठी बनवलेली, ती मी पाच मिनिटं चालवली.

पंख्याचं चालतं, कारण पंख्यावर हवेचा लोड असतो. वेग कमी झाला की हवेचा विरोधही झपाट्याने कमी होतो, आणि ती मोटर त्याच बेताने बनवलेली असते. लाकडाला हे सौजन्य नाही. हळू फिरणाऱ्या मोठ्या गोळ्याला पटाशी लावली की उलट जास्तच ताकद लागते.

इथेच नव्या माणसाची सगळी गल्लत आहे. तो विचारतो, "स्पीड कमी कसा करू?" खरं तर त्याला कमी स्पीडला जास्त जोर हवा असतो. ही मागणी फुकटात भागवणारी एकच वस्तू आहे, पुली. तीन इंचांच्या पुलीवरून सहा इंचांवर पट्टा टाकला की फेरे निम्मे आणि टॉर्क दुप्पट, पट्ट्यात थोडं हरवतं तेवढं सोडून. कोणतंही इलेक्ट्रॉनिक्स हे करत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की आधी पुल्या आणि मग बटणं. पोरांना हे ऐकायला आवडत नाही, बटण दिसायला भारी असतं.

दुसऱ्या खेपेला मी मागाचीच मोटर घेतली. साधे माग भंगारात निघत होते आणि त्यांच्या एक एचपीच्या थ्री फेज मोटर किलोवर मिळत होत्या. मला मिळाली ती सहा पोलची, ९६० फेऱ्यांची. नेमप्लेट तारेच्या ब्रशने घासून वाचली. भंगारवाल्याचं बोलणं ऐकू नका, नेमप्लेट वाचा. एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि स्टार की डेल्टा (आतल्या तीन वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती), एवढं दिसलं की मोटर अर्धी ओळखली. तीन-चार-पाच-सहा इंचांच्या पायऱ्यांची एक स्टेप पुली मोटरवर आणि तशीच उलटी शाफ्टवर बसवली. समोरासमोरच्या पायऱ्यांची बेरीज दर वेळी नऊ, त्यामुळे एकच पट्टा सगळीकडे चालतो. वेग मिळाले ४८०, ७६८, १२०० आणि १९२०. लाकडाच्या लेथसाठी एक जुना ठोकताळा आहे, व्यास इंचांत गुणिले फेरे ही संख्या सहा ते नऊ हजारांच्या मध्ये ठेवायची. बारा इंची काठवटीला ५०० ते ७५० आले, आणि ओबडधोबड असेपर्यंत त्याहूनही कमी. माझा ४८० बरोबर बसला. पट्टा ए सेक्शनचा (पट्ट्याच्या जाडी-रुंदीचं एक ठरलेलं माप) असेल तर तीन इंचांपेक्षा लहान पुली लावू नका. मी एकदा दोन इंची लावून पाहिली. पट्टा घसरून तापला आणि महिन्याभरात आतून चिरा पडल्या.

घरात थ्री फेज नव्हतं, म्हणून व्हीएफडी घेतला. आमच्याकडे त्याला नुसतं ड्राइव्ह म्हणतात. सिंगल फेज २३० आत जातं, आधी त्याचं डीसी होतं आणि मग हव्या त्या फ्रीक्वेन्सीचं थ्री फेज बाहेर येतं. वेग खरोखर बदलायचा तर हाच रस्ता, कारण तो व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी बरोबरीने खालीवर करतो. पण ड्राइव्हमधून बाहेर येणारं थ्री फेजही २३० व्होल्टचंच असतं, ४१५ चं नाही, आणि माझी मोटर ४१५ ला स्टारमध्ये बांधलेली होती. तशीच जोडली असती तर फिरली असती, पण मरगळलेली. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला २४० च्या आसपास मिळत असतं, म्हणून तीच मोटर डेल्टात जोडली की २३० वर पूर्ण ताकदीने चालते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर ती जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या फिरवल्या की झालं. माझ्या मोटरला तीनच होती. पुन्हा मामांकडे गेलो. त्यांनी वाइंडिंगच्या डोक्यावरची दोरी ब्लेडने अलगद कापली, आत दडवलेला स्टारचा जोड शोधला, तो सोडवून तीन वायरी बाहेर काढल्या, स्लीव्ह चढवल्या, पुन्हा बांधून वार्निश ओतलं. तासाभराचं काम होतं, आणि त्या तासात मला मोटर आतून दिसली. डेल्टात करंट १.७३ पट होतो, स्टारचे दोन अँपिअर म्हणजे साधारण साडेतीन. ड्राइव्हमध्ये हाच आकडा भरायचा, नाहीतर त्याचं संरक्षण कुचकामी. मोठ्या मोटर, साधारण तीन एचपीपासून पुढच्या, बहुतेक ४१५ लाच डेल्टात असतात. त्या या कामाच्या नाहीत.

ड्राइव्हबरोबर केलेल्या चुकाही सांगतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये मी जुना ऑन-ऑफ स्विच तसाच ठेवला होता. चालू असताना तो एकदा बंद करून पुन्हा टाकला आणि ड्राइव्ह फॉल्ट दाखवून थांबला. नशीब चांगलं, आतले ट्रान्झिस्टर वाचले. मोटर चालू-बंद करायची ती ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून. मध्ये काहीही नको.

दुसरी चूक जास्त महागात गेली असती. थांबायला वेळ लागतो म्हणून मी ड्राइव्हमधला डिसेलरेशन टाइम, म्हणजे थांबायला घ्यायचा वेळ, एक सेकंद केला. जड काठवट फिरत असताना थांबवली. मोटर झटक्यात आवरली, पण शाफ्टवर आट्यांनी बसवलेला चक (लाकूड पकडणारा भाग) आणि काठवट आपल्याच झोकात फिरत राहिले, उलगडत बाहेर आले आणि फरशीवरून घरंगळत थेट चप्पलांच्या ढिगात. तेव्हापासून दहा सेकंद आणि रिव्हर्स लॉक, म्हणजे उलटं फिरणं बंद. आट्यांचा चक असेल तर हे सेटिंग पहिल्या दिवशीच करा. आणि जड वस्तू झटपट थांबवायला गेलात तर मोटर जनरेटर बनते, ड्राइव्हचं डीसी व्होल्टेज चढतं आणि ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप येतो. तो बिघाड नसतो, तुमची घाई असते.

आता मी २५ ते ६० हर्ट्झच्या मध्ये खेळतो. खाली जोर टिकतो, पण मोटरचा स्वतःचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. १० हर्ट्झवर तो पाचव्या हिश्श्याने फिरतो आणि मोटर गुपचूप तापते. २० च्या खाली फार वेळ जायची गरज पडली की मी पट्टाच बदलतो. ५० च्या वर व्होल्टेज वाढत नाही, त्यामुळे टॉर्क उतरतो. घासायच्या दगडाला तर ही चैन अजिबात नाही. दगडाच्या कागदावर छापलेले कमाल फेरे ओलांडायचे नाहीत, ड्राइव्ह देत असला तरी.

ड्राइव्ह बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका. आतल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी बसलेलं असतं. दिवा विझू द्या आणि वर दहा मिनिटं जाऊ द्या. अर्थिंग पक्कं हवं. ड्राइव्हच्या गळतीने आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला म्हणून अर्थ काढून टाकणारे मी पाहिलेत. आणि भुसा किंवा लोखंडी कीस ड्राइव्हमध्ये जाऊ देऊ नका, बंद पेटीत ठेवा आणि पेटी लेथपासून लांब.

ट्रेडमिलच्या डीसी मोटरबद्दल पोरं नेहमी विचारतात. चालते, कंट्रोल सोपा असतो. पण तिच्यावर लिहिलेला एचपी बहुधा क्षणभराचा असतो, आणि उघडी असल्याने धूळ खाते. मिक्सर आणि हँड ड्रिलच्या मोटर ब्रशवाल्या, त्यांना डिमर खरोखर लागू पडतो. पण मोकळ्या त्या भन्नाट पळतात आणि लोड आला की बसतात, लेथला नको. ड्रिल प्रेसला तर मी ड्राइव्हही सुचवत नाही. १० मिलिमीटरच्या हायस्पीड स्टीलच्या ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये आठशेच्या आसपास फेरे लागतात, ते दोन पुल्यांत भागतात.

आयटीआयत शिकणाऱ्यांनी सुट्टीत महिनाभर वाइंडिंगच्या दुकानात बसावं, पगार मिळो न मिळो. जळालेली मोटर कशाने जळाली हे कॉइलच्या रंगावरून सांगणारी माणसं तिथेच भेटतात. एक फेज गेली होती, लोड जास्त होता की पाणी शिरलं होतं, ते कुठल्या कॉइल काळ्या पडल्यात यावरून कळतं. मी तिकडे अजूनही जातो.

ती अर्ध्या एचपीची मोटर मामांनी पुन्हा भरून दिली. आता ती लेथमागे भुसा ओढणारा पंखा फिरवते, सरळ १४४० फेऱ्यांनी. मामा कधी आले तर आधी तिची वायर हाताने चाचपतात, मध्ये डिमर नाही ना ते बघायला.