एकच चित्र घ्या: बघायचं कसं, काढायचं कसं, त्यावर बोलायचं कसं

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी हमखास विचारतं की मला चित्रातलं काही कळत नाही, सुरुवात कुठून करू. खरं सांगू का, त्यासाठी आधी इतिहास पाठ करायची गरज नाही आणि महागडे रंगही नकोत. एक चित्र निवडा, एकच, आणि तेच बघा, तेच कॉपी करा, त्यावरच बोला. वर्गात रसग्रहण वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं, समीक्षा वेगळी असं शिकवतात, पण हाताने काढल्याशिवाय नीट दिसत नाही आणि नीट दिसल्याशिवाय बोलायला काही नसतं, हे माझं ठाम मत झालंय.

मी इथे जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध मोठी लाट घेते, कारण ती सगळ्यांनी मगवर, टीशर्टवर, फोनच्या वॉलपेपरवर कुठेतरी बघितलेली असते आणि बहुतेकांनी नीट बघितलेली नसते. साधारण 1831 चं जपानी लाकडी ठशांचं प्रिंट. होकुसाईचा जन्म 1760 चा, म्हणजे हे केलं तेव्हा तो सत्तरीचा होता! तुम्ही दुसरं कुठलंही घ्या, फक्त ते मोठ्या रेझोल्यूशनमध्ये मिळायला हवं. बऱ्याच मोठ्या म्युझियमच्या साइटवर चित्रं फुकट झूम करता येतात. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चा तर 717 गिगापिक्सेलचा (म्हणजे 717 अब्ज ठिपक्यांचा) फोटो अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2022 मध्ये टाकलाय, त्यात रंगाच्या भेगासुद्धा मोजता येतील.

आधी बघणं

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात याचा अभ्यास झाला होता, 2001 मध्ये छापून आला, सरासरी निघाली 27.2 सेकंद, आणि मधला आकडा तर फक्त 17. हे म्युझियममध्ये मुद्दाम गेलेल्या लोकांचं. फोनवर आपण किती देतो ते न बोललेलंच बरं.

उलट टोकाला हार्वर्डच्या कला-इतिहासकार जेनिफर रॉबर्ट्स आहेत, त्या विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तीन तास बसवतात. ऐकून वाटतं की शिक्षा आहे ही. पण अमेरिकन चित्रकार कॉप्लीचं 1765 चं खार घेऊन बसलेल्या मुलाचं चित्र बघताना त्यांना स्वतःला काय काय कधी दिसलं ते त्यांनी लिहिलंय: मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटाजवळच्या लवेचा आकार सारखा आहे हे लक्षात यायला नऊ मिनिटं लागली, आणि साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पाण्याच्या ग्लासच्या रुंदीएवढं आहे हे कळायला एकवीस. आणि हे ज्यांचा धंदाच बघण्याचा आहे त्यांचं, तर आपलं काय!

तीन तास नको, वीस मिनिटं द्या. टायमर लावा, फोनवर बघत असाल तर नोटिफिकेशन बंद, आणि हातात पेन. नियम एकच, पहिली दहा मिनिटं 'छान', 'भारी', 'बोअर', 'उदास' यातला एकही शब्द लिहायचा नाही, फक्त जे आहे ते लिहायचं. लाटेचं उदाहरण घ्या. डावीकडे मोठी लाट, तिच्या फेसाची टोकं नखांसारखी वळलेली. होड्या किती? पहिल्या नजरेत एक किंवा दोन वाटतात, मोजा, तीन आहेत. होड्यांमध्ये माणसं आहेत, वाकलेली, होडीला घट्ट धरून. मागे मधोमध एक छोटा डोंगर, तो फुजी, आणि कितीतरी लोकांना तीही एक लाटच वाटते. आता पुढची छोटी लाट बघा, तिचा आकार फुजीसारखाच आहे, वर पांढरं आणि खाली निळं, हे एकदा दिसलं की मग डोळ्यांपुढून जात नाही.

साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला कंटाळा येतो, 'झालं की बघून' असं वाटतं. तिथेच थांबायचं नाही, कारण सोप्या गोष्टी संपलेल्या असतात आणि आता नजर फिरायला लागते. तेव्हा स्वतःला छोटे प्रश्न विचारा: डोळा आधी कुठे गेला, मग कुठे, आणि चित्राबाहेर कुठून निसटला? सगळ्यात गडद जागा कुठली? बघणारा कुठे उभा आहे, वर की पाण्याच्या पातळीवर? मग चित्र आडवं उलटवा, फोनमध्ये मिरर करायचं बटण असतंच. पारंपरिक जपानी वाचन उजवीकडून डावीकडे जातं, म्हणजे तिथल्या बघणाऱ्याला आधी होड्या भेटतात आणि मग त्या लाटेच्या तोंडात शिरतात, आपण मात्र डावीकडून लाटेवर बसूनच आत येतो. मिरर केल्यावर हा फरक पोटात जाणवतो, वाचून तेवढा कळत नाही.

अजून एक गोष्ट जी स्क्रीन आपल्यापासून चोरते ती म्हणजे साइझ. फोनवर सगळी चित्रं तळहाताएवढी. लाट प्रत्यक्षात साधारण 25 बाय 37 सेंटीमीटर आहे, म्हणजे मांडीवर घेऊन बघता येईल अशी, तर पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. त्यामुळे चित्राची मापं शोधा आणि तेवढा चौकोन चिकटपट्टीने भिंतीवर आखा, भिंत पुरली नाही तर जमिनीवर. गेर्निकाचा चौकोन आखायला गेलात की बहुतेक घर संपतं, आणि मग कळतं की त्यातला घोडा तुमच्यापेक्षा मोठा आहे आणि तुम्ही त्याच्या पायाशी उभे आहात.

माहितीची पाटी, विकिपीडिया, यूट्यूबवरचे व्हिडिओ हे सगळं या वीस मिनिटांनंतर. आधी वाचलं की माणूस वाचलेलंच शोधत बसतो.

मग काढणं

"मला साधी रेघ सरळ येत नाही" हे वाक्य इथे बाजूला ठेवा, कारण कॉपी चांगली दिसावी म्हणून करायचीच नाहीये, ती बघण्यासाठी करायची आहे. नंतर फाडून टाकलीत तरी चालेल.

साहित्य म्हणाल तर 4बी किंवा 6बी पेन्सिल आणि साधे कागद. एचबी नको, कारण तिच्यातून खरा काळा निघत नाही आणि मग सगळं चित्र राखाडी होऊन बसतं आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. पहिल्या तासात खोडरबर लांब ठेवा.

सुरुवात थंबनेलने करा, व्हिजिटिंग कार्डएवढा चौकोन, त्यात फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, गडद. डोळे बारीक करून मूळ चित्राकडे बघा म्हणजे बारकावे विरघळतात आणि फक्त गडद-उजळाचे मोठे ठोकळे उरतात, तेवढेच काढा. फेसाचा एकही थेंब काढायचा नाही हां, हात फार शिवशिवतो तिकडे.

याच वेळी मजा होते. लाटेचं थंबनेल करताना आकाशापाशी अडायला होतं, कारण डोक्यात आकाश म्हणजे उजळ असं पक्कं बसलेलं असतं, आणि इथे फुजीच्या मागे क्षितिजालगत आकाश चांगलंच गडद आहे. का? तर ते गडद आहे म्हणून एवढासा बर्फ पांढरा चमकतो. तो पांढरा रंगवलेला नाही, तो कागद आहे, शेजाऱ्याच्या जोरावर उजळलेला. वीस मिनिटं नुसतं बघून हे सुटू शकतं, पण पेन्सिल हातात असली की सुटत नाही, कारण तिथे काहीतरी ठरवावंच लागतं, गडद करू की सोडू.

दुसरा सराव म्हणजे वस्तू सोडून रिकामी जागा काढणं. लाट काढू नका, लाटेच्या कमानीखाली आकाशाचा जो तुकडा आहे त्याची कडा काढा. मेंदूला 'लाट' कशी असते ते माहीत असतं, म्हणून तो साच्यातली लाट काढायला लावतो, पण त्या तुकड्याला नाव नाही त्यामुळे जसा आहे तसा बघावा लागतो. चित्र वरचं खाली करून कॉपी करणं हेही याच कारणाने चालतं. चेहरे काढताना तर हे फारच उपयोगी पडतं, डोळा काढतोय हे विसरलं तरच डोळा बरोबर येतो.

कॉपी झाली की स्वतःचं काढायचं, आणि लोक इथेच गोठतात, काय काढू काय काढू. त्यावर माझा उपाय: कॉपी केलेल्या चित्रातली एकच युक्ती उचला आणि विषय आपला घ्या. होकुसाईची युक्ती काय, तर जवळची गोष्ट अवाढव्य आणि खरोखर अवाढव्य असलेली गोष्ट पिटुकली, तीही जवळच्या गोष्टीच्या खोबणीत बसवलेली. आता टेबलाच्या पातळीला डोळे आणा, समोर कप ठेवा आणि त्याच्या कानातून खिडकी काढा. झालं की. एवढी अट असली की कल्पनाशक्तीला धरायला काहीतरी मिळतं, नाहीतर 'मनातलं काहीही काढा' म्हटल्यावर दहातले नऊ जण डोंगर, सूर्य आणि झोपडी काढतात.

रंगाचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला कमी रंग. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्नच्या नावाने ओळखला जाणारा चार रंगांचा सेट आहे, पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन लाल आणि काळा. त्यात निळा नाही, तरी काळा आणि पांढरा मिसळून आलेला राखाडी लालसर रंगाशेजारी ठेवला की निळसर वाटतो. हे एकदा करून बघा, रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो हे मग कोणी समजावून सांगायला लागत नाही.

आणि मग बोलणं

टीका म्हणजे चुका काढणं असा आपल्याकडे समज आहे, त्यामुळे एक तर लोक तुटून पडतात किंवा 'मस्त गं' म्हणून पळ काढतात. दोन्हीचा चित्र काढणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. (मला विचाराल तर 'मस्त'च जास्त निरुपयोगी, रागाच्या शेऱ्यात निदान जागा तरी दाखवलेली असते.)

अमेरिकन कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांच्या चार पायऱ्या जगभर शिकवतात: वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि शेवटी निर्णय. काय आहे, ते कसं रचलंय, त्यातून काय म्हणायचं असावं, आणि मग ते कितपत जमलंय. क्रम महत्त्वाचा. आपण सगळे चौथ्या पायरीवरून सुरू करतो आणि मग तिला टेकू द्यायला कारणं शोधत खाली येतो. वर्णनाची वही आपल्याकडे तयार आहेच, म्हणून पहिली पायरी फुकटात झाली.

तिसऱ्या पायरीवर मात्र सांभाळून. डच चित्रकार व्हॅन गॉगचं त्याच्या बेडरूमचं चित्र घ्या, फिकट निळ्या भिंती, आणि त्या निळ्यावरून लोक एकटेपणा, गारठा वगैरे बरंच काही लिहितात. पण 1888 च्या पत्रात त्याने भिंती फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलंय आणि खोलीतून विश्रांती जाणवावी अशी त्याची इच्छा होती. जांभळ्यातला लाल रंग काळाच्या ओघात उडाला आणि निळा तेवढा उरला. म्हणजे ज्या निळ्यावर आपण अर्थाचे इमले बांधले तो चित्रकाराने लावलेलाच नव्हता. याचा अर्थ आपल्याला वाटलेलं खोटं असा नाही, पण 'मला असं वाटतं' आणि 'चित्रकाराला असं म्हणायचंय' ही दोन वाक्यं वेगळी लिहायची सवय लावा.

निर्णयाच्या पायरीवर आवड आणि दर्जा वेगळे करा. वहीत दोन ओळी लिहून बघा: एक चित्र जे मला आवडत नाही पण चांगलं आहे, आणि एक जे मला जाम आवडतं पण फारसं चांगलं नाही. दुसरी ओळ लिहायला जास्त जड जाते. पण ती लिहिता आली की तुमच्या मताला लोक किंमत द्यायला लागतात, कारण तुम्ही स्वतःच्या आवडीलाही सोडत नाही हे त्यांना दिसतं.

मित्रमैत्रिणीच्या चित्रावर बोलायचं असेल तर आधी विचारा की तुला यात काय करायचं होतं. ते न विचारता बोललेलं सगळं हवेत जातं, कारण तिला मुद्दाम सपाट चित्र हवं असेल तर 'खोली नाही' हा दोष कसा होईल? मग बोट ठेवून बोला. "कॉम्पोझिशन गंडलंय" असं नाही, तर "माझा डोळा या उजव्या कोपऱ्यातल्या पिवळ्यावरच अडकतो आणि चेहऱ्याकडे जातच नाही, तुला तसंच हवं होतं का?" असं. आणि तिच्या कागदावर आपली पेन्सिल चालवायची नाही, अगदी 'थांब दाखवते' म्हणूनही नाही. दाखवायचंच असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवा.

आपल्या चित्रावर लोक बोलत असतील तेव्हा पहिली पाच मिनिटं गप्प बसायचं, फक्त लिहून घ्यायचं. फार अवघड आहे हे, कारण लगेच "नाही, ते मी मुद्दाम केलंय" असं तोंडातून निघतं, पण चित्र म्युझियममध्ये लागलं तर तिथे समजावून सांगायला आपण थोडेच असणार आहोत. 'कसं झालंय' असंही विचारू नका, त्याचं उत्तर 'छान' हेच येतं. 'सगळ्यात आधी कुठे बघितलंस?' हे विचारा. तिघांनी तीन वेगळ्या जागा सांगितल्या तर तुमच्या चित्रात केंद्र नाही, आणि तिघांनी एकच सांगितली पण ती तुम्हाला नको असलेली निघाली, तर काय बदलायचं ते लगेच कळतं: तिथला टोन शेजारच्या टोनच्या जवळ आणा, बाकी हात लावू नका. सगळे शेरे पाळायचेही नसतात, दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या शब्दांत तीच जागा दाखवली की ती पक्की धरायची, उपाय मात्र त्यांचा नाही, आपला.

पहिलं चित्र संपलं की दुसरं निवडताना मुद्दाम न आवडणारं घ्या, शक्यतो अमूर्त, चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्रांसारखं, जिथे मोजायला होड्या नाहीत. तिथे वर्णनाची दहा मिनिटं वीस करा, आणि वस्तूंऐवजी कडा लिहा: कुठली कडा तीक्ष्ण, कुठली विरघळलेली, रंगाचा कुठला थर वर, कुठला खाली, आणि रंग ब्रशने लावलेला दिसतोय की रोलरने.