ट्रकला दुसरं इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताय? वायरिंगमधल्या या चुका टाळा

इंजिन बसलं, गिअरबॉक्स जुळला, चावी फिरवली आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) गप्प. अशा वेळी पहिला संशय ईसीयूवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) जातो आणि बहुतेकदा तो चुकीचा निघतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवला की त्याच्याबरोबर वायरिंगमधली तीन-चार कामंही उतरतात. ती आता कोण करणार, हे आधी ठरवा. खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्टचं इंजिन, ईसीयू किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) त्यावर थेट जोडू नका.

सेल्फ लागत नाही

ऑटोमॅटिकमध्ये सेल्फच्या रिलेचं सर्किट पार्क किंवा न्यूट्रलमध्येच पूर्ण होतं. गिअरबॉक्स काढल्यावर त्या पार्क-न्यूट्रल स्विचचा कपलर (वायरींचा जोड) मोकळा लोंबकळतो आणि सर्किट तुटलेलंच राहतं. मग अनेक जण त्या दोन वायरी सरळ एकमेकींना जोडतात. सेल्फ लागतो खरा, पण गिअर पडलेला असताना कुणी चावी फिरवली तर ट्रक जागेवरून उडी घेतो. पुढे माणूस उभा असू शकतो, म्हणून हा शॉर्टकट नकोच. त्याच दोन वायरी क्लच पेडलच्या स्विचमधून न्या. हा स्विच पेडल तळापर्यंत दाबल्यावरच जुळणारा हवा. क्रूझ कंट्रोलचा स्विच पेडल वर असतानाच बदलतो; दोघांची अदलाबदल झाली तर क्लच न दाबता सेल्फ लागतो. मल्टिमीटरच्या बीपवर तपासूनच जोडा.

रिव्हर्स लाइटचंही तसंच. मॅन्युअल गिअरबॉक्सवर दोन पिनांचा स्विच असतो. एका पिनला इग्निशनचा फ्यूजमधून आलेला सप्लाय द्या, दुसरीवरून लाइटला वायर न्या, काम संपलं.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

चावी सोडताना इंजिन क्षणभर पकडल्यासारखं करत असेल तर ईसीयूचा सप्लाय चुकीच्या वायरवरून घेतलाय. रेडिओ-पंख्याची अॅक्सेसरी लाइन सेल्फ मारताना बंद होते. चावी ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ या दोन्ही जागी १२ व्होल्ट मिळणारी वायर शोधा, आणि ती सेल्फ फिरत असतानाच मोजा. नुसती चावी ‘ऑन’ करून मोजलं तर हा दोष दिसतच नाही.

उलटा प्रकारही होतो: चावी बंद केली तरी इंजिन चालूच. अल्टरनेटरच्या चार्जिंग लाइटच्या वायरमधून करंट मागे इग्निशन लाइनवर येतो. त्या वायरमध्ये १ अँपिअरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, डायोडवरचा पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला.

अर्थ (करंटची निगेटिव्हकडे परतवाट), म्हणजे निम्मी डोकेदुखी

इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणून ब्लॉक आणि चासी यांच्यात वीज आपोआप वाहत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवरून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकवरून चासीला पट्टी आणि चासीवरून केबिनला पट्टी, हे तिन्ही हवेतच. मधली पट्टी विसरली तर करंट अॅक्सिलरेटर केबल किंवा सेन्सरच्या बारीक वायरीतून वाट काढतो. केबल गरम होणं, दिवे मंदावणं, एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड येणं ही त्याचीच लक्षणं.

तपासणी अशी करा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक; ०.५ च्या वर गेलं तर लाल पिन क्लॅम्पवर, मग लगवर (केबलच्या टोकाची धातूची कडी), मग बोल्टवर अशी पुढे सरकवत जा. आकडा जिथे एकदम वाढतो तिथेच दोष. बहुतेक वेळा लगखाली रंग राहिलेला असतो. सेन्सरचे अर्थ मात्र बॉडीला देऊ नका, ते ईसीयूलाच परत जायला हवेत.

इंजिन चालतं, पण चेक लाइट जात नाही

ईसीयूमध्ये ऑटोमॅटिकचंच प्रोग्रॅमिंग राहिलं तर तो नसलेले शिफ्ट सोलेनॉइड (ऑटोमॅटिकचे गिअर बदलणारे विजेचे व्हॉल्व्ह) शोधत बसतो आणि पी०७५० सारखे कोड टाकतो. वायरी कितीही जोडा, हे प्रोग्रॅमिंग बदलल्याशिवाय जात नाही. पी०५०० आला आणि थांबता थांबता इंजिन बंद पडत असेल तर स्पीड सेन्सरचा सिग्नल पोहोचत नाहीये.

कॅन लाइन (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) असलेल्या गाडीत ट्रान्समिशनचा मॉड्यूल काढताना लाइनच्या टोकाचा रेझिस्टरही कधी कधी त्याच्याबरोबर जातो. बॅटरी सोडवून ओबीडी (कोड वाचायच्या) सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर एक टोक उघडं आहे, तिथे १२० ओहमचा रेझिस्टर लावा.

हार्नेस (वायरींचा जुडगा) तयार करताना

कपलरचं चित्र वायरीच्या बाजूने काढलंय की पिनांच्या बाजूने, हे पाहिल्याशिवाय एकही पिन हलवू नका. बाजू चुकली की सगळे नंबर आरशासारखे उलटतात. कपलरवर कोरलेला बारीक नंबर टॉर्चच्या उजेडात वाचून घ्या. थरथरणाऱ्या जागी नुसतं सोल्डर नको: ते वायरीत वर चढतं, वायर कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. नीट क्रिंप करून (पक्कडीने दाबून) गोंदवाली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. क्रँक सेन्सरची शिल्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब लावा. चावी बंद असताना तो पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण वायर जळणार नाही. बल्ब विझलेला राहिला तरच फ्यूज घाला.