बेल्जियममधील शर्यतींचा पहिला हंगाम
बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात गावजत्रेनिमित्त भरणाऱ्या ‘केर्मिस’ सायकल शर्यतींत परदेशी तरुणांनाही उतरता येते. त्यासाठी मायदेशातील सायकलिंग महासंघाचा परवाना आणि परदेशी शर्यतींस संमती देणारे पत्र निघण्यापूर्वीच मिळवावे. भारतीय पारपत्रधारकाला शेंगेनच्या (बेल्जियमसह अनेक युरोपीय देशांच्या सामाईक) अल्पमुदत व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, म्हणून हंगाम त्याच हिशेबाने आखावा. घर फ्लँडर्समधील गेंट शहराच्या आसपास, दोघातिघांनी मिळून घ्यावे. खरी कसोटी चढांपेक्षा वाऱ्याची असते: आडवा वारा सुटला की समूह तिरप्या रांगांमध्ये फुटतो आणि मागे राहिलेल्याला पुढची रांग क्वचितच गाठता येते, त्यामुळे रस्ता उघड्या शेतांकडे वळण्याआधीच पुढे सरकावे. दगडी फरसबंदीवर टायरमधील हवा थोडी कमी ठेवावी.