मूल कुंथतंय की शी रोखून धरतंय? घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

आमची लेक सव्वादोन वर्षांची असताना दिवसातून चार-पाचदा हॉलमधल्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांना घट्ट चिकटवलेले, चेहरा लालबुंद, एक हात कपाटाच्या कडेला. आणि आम्ही तिघं मोठी माणसं बाहेरून, "कर बाळा, कर, अजून थोडा जोर कर!" तीन आठवडे हा कार्यक्रम चालला. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, तर पोटाला हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "जोर करताना ती उकिडवी बसते की ताठ उभी राहते?"

ताठ उभी राहते, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग ती जोर करत नाहीये. शी बाहेर येऊ नये म्हणून धरून ठेवतेय."

ज्याला शी करायची आहे ते मूल गुडघे वाकवतं, पुढे झुकतं, खाली बसतं. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणारं, पायाला पाय लावणारं, ढुंगण आवळून अंग ताठ करणारं मूल शी अडवत असतं. दोन्हींत चेहरा लाल होतो, म्हणून आपली फसगत होते. अडवण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: कधीतरी एकदा कडक खडा झाला, दुखलं, कदाचित थोडी चीर पडून रक्तही आलं. पुढच्या वेळी कळ आली की मूल घाबरून ती दाबून टाकतं. अडून राहिलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा आणखी मोठा आणि कोरडा होतो, आणि तो बाहेर पडताना पुन्हा दुखतं. म्हणजे भीती खरीच होती, असं मुलाला वाटतं. हे बरेच दिवस चाललं की शेवटचं आतडं ताणून सैल पडतं आणि कळ येणंच कमी होतं. लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेचा बहुतांश प्रकार हाच असतो, आतड्यात काही बिघाड नसतो. पुढच्या बऱ्याच चुका या भीतीत भर घालणाऱ्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आम्ही केलेल्या आहेत.

कॅलेंडर बघून घाबरणं

"आज झाली का?" हा आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबरचा प्रश्न होता. शी रोज झालीच पाहिजे असा नियम नाही. एखादं मूल दिवसातून दोनदा जातं, एखादं दिवसाआड. डॉक्टर बद्धकोष्ठता म्हणतात ती आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा होणारी शी, तीही इतर लक्षणांसह आणि महिनाभर टिकणारी. रोज जाऊनही बकरीच्या लेंड्यांसारखे खडे होत असतील, तर ती मात्र बद्धकोष्ठताच. किती वेळा झाली यापेक्षा कशी झाली आणि करताना मूल रडलं का, हे जास्त महत्त्वाचं.

चड्डीला लागलं म्हणजे जुलाब, असं समजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मूल चार दिवस शीला गेलेलं नाही, पण चड्डीला सारखं थोडं थोडं पातळ, चिकट लागतंय. घरचे म्हणतात, पोट बिघडलं, दही-भात द्या, जुलाबाचं औषध आणा. खरं तर आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं वरची पातळ शी झिरपत असते. मुलाला ते कळतही नाही, अडवताही येत नाही. अशा वेळी शी घट्ट करणारं औषध दिलं तर काय होईल ते सांगायला नको. आणि "एवढी मोठी झालीस, चड्डीत करतेस?" म्हणून ओरडणं हा निव्वळ अन्याय. मी तो केलाय.

दुधाची बाटली

आमच्याकडे दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध जात होतं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. जेवली नाही तरी दूध पिते ना, हे वाक्य मीच किती वेळा म्हटलंय. एक वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरतं. त्यापेक्षा जास्त गेलं की पोट भरलेलं राहतं, मग भाजी-भाकरी-वरणाला जागाच उरत नाही, आणि दुधात तंतू नसतात. भरीस भर, खूप दूध पिणाऱ्या मुलांमध्ये लोह कमी पडतं. दूध बंद करायचं नाही, पेल्यातून आणि मोजून द्यायचं. रात्रीची बाटली सोडवायला आम्हाला नऊ दिवस लागले आणि त्यातले पहिले तीन शेजाऱ्यांनाही आठवतात.

दुधाच्या जोडीला चहा-बिस्कीट, टोस्ट, खारी. हे सगळं मैद्याचं. त्यापेक्षा पिकलेला पेरू बिया काढून, पपई, संत्र्याच्या फोडी, भिजवून कुस्करलेल्या मनुका, मुगाची मऊ उसळ, ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. केळ्याला उगाच बदनाम केलंय. पूर्ण पिकलेलं केळं चालतं, कच्चट नको. पण एक लक्षात ठेवा: आत खडा अडकून बसलेला असताना नुसते तंतू वाढवले, तर रस्ता बंद असलेल्या घाटात आणखी ट्रक पाठवल्यासारखं होतं. आधी डॉक्टरांच्या औषधानं मोकळं करायचं, मग ताट बदलायचं.

देठ, साबणाची कांडी आणि एनिमा

विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आत सरकवायचा, हा उपाय महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत चालत आलेला आहे. साबणाची कांडीही तशीच. माझ्या सासूबाईंनी स्वतःची तीन मुलं यावर वाढवली, त्यामुळे वाद घालणं सोपं नव्हतं. आणि गंमत म्हणजे उपाय लागूही पडतो, दहा मिनिटांत शी होते. म्हणूनच तो टिकलाय.

पण जे मूल मुळात त्या जागेला काही होईल म्हणून घाबरलंय, त्याचे दोघांनी हातपाय धरून तिसऱ्यानं तिथेच काहीतरी खुपसायचं, याचा त्याच्या मनावर काय परिणाम होईल? दुसऱ्या दिवशी आमची लेक पडद्यामागे नाही, थेट पलंगाखाली गेली. शिवाय साबणानं आतली नाजूक त्वचा जळजळते, देठानं खरचटू शकतं. दुकानातून आणून घरच्या घरी एनिमा देणंही टाळा. त्याची गरज क्वचित पडते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. एरंडेल पाजणं नकोच, पोटात मुरडा येतो. जबरदस्तीनं तेलकट औषध पाजताना ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसालाही इजा होते.

नाभीभोवती हिंग लावायचा असेल तर खुशाल लावा. त्यानं बिघडत काही नाही आणि आजीचं समाधान होतं.

आठवड्यात औषध बंद करणं

आम्हाला पॉलिइथिलीन ग्लायकोलची पावडर पाण्यातून द्यायला सांगितली होती. काही मुलांना लॅक्ट्युलोजचं पातळ औषध देतात. पाचव्या दिवशी मऊ शी झाली, आठव्या दिवशी आम्ही औषध बंद केलं. "सवय लागेल" ही भीती. तीन आठवड्यांनी पुन्हा पडदा.

ही औषधं आतड्याला चाबूक मारत नाहीत. ती आतड्यात पाणी धरून ठेवतात, म्हणजे शी मऊ राहते. त्यांची सवय लागत नाही. औषधाचं काम त्या एका खड्यापुरतं नसतं. शी केली तरी दुखत नाही हे मुलाला पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळालं पाहिजे आणि ताणलेलं आतडं मूळ आकाराला आलं पाहिजे, याला वेळ लागतो. म्हणून औषध किमान दोन महिने चालतं, आणि सगळं सुरळीत होऊन निदान महिना गेल्यावर हळूहळू कमी करतात. एकदम बंद नाही. मात्रा अर्थात मुलाच्या वजनावर, डॉक्टरांनी सांगितलेली.

जूनच्या आत डायपर सुटलाच पाहिजे

प्लेग्रुपच्या प्रवेशाची अट: डायपर नको. मग एप्रिल-मेमध्ये घरोघरी मोहीम निघते. आधीच शी अडवणाऱ्या मुलावर ही मोहीम लादली की हमखास बिघडतं. काही मुलं शू पॉटीत करतात पण शीसाठी डायपर मागतात. द्या. शी मऊ आणि बिनदुखती होईपर्यंत प्रशिक्षण बाजूला ठेवलं तर काही बिघडत नाही.

कमोडवर बसवत असाल तर मुलाचे पाय लोंबकळू देऊ नका. पायाखाली पाट किंवा स्टूल हवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. पाय टेकल्याशिवाय नीट जोर लावता येत नाही, स्वतः करून बघा. जेवणानंतर आतडी आपोआप हलू लागतात, तेव्हा नाश्ता किंवा जेवण झाल्यावर पाच मिनिटं बसवायचं, गोष्ट सांगायची, झाली तर झाली. आणि शी झाल्यावर "शी, घाण!" म्हणून नाक मुरडणं बंद. जी गोष्ट घाण, ती मूल लपवणारच.

आता उलटी बाजू : पातळ शी

दात येताना जुलाब होतात, हे ऐकून सोडून देऊ नका. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, जुलाब त्यातून आलेल्या जंतूंमुळे होतात. दाताच्या नावाखाली दोन दिवस वाया जातात आणि तोवर मूल सुकतं.

दुसरं टोक असं की मूल हसतंय, खेळतंय, वजन वाढतंय, पण दिवसातून तीन-चारदा पातळ शी आणि त्यात गाजराचे, मटाराचे तुकडे जसेच्या तसे. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे बरंच दिसतं आणि पुष्कळदा दोषी फळांचा रस असतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रस दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. खरं तर फळच द्या.

खऱ्या जुलाबात चुका होतात त्या ओआरएसच्या. लिटरभर पाण्याचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणं ही सगळ्यात धोक्याची: मीठ जास्त होतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, पूर्ण पाकीट एकदम, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २००, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं मिळत आली आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघूनच घ्या. पाकीट नसेल तर तेवढ्यापुरतं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू कितीतरी खाली आणले. तेव्हा "नुसतं साखरपाणी" असं म्हणू नका.

जेवण बंद करू नका. मऊ भात, वरण, खिचडी, दही, केळं, आणि अंगावरचं दूध चालूच. डॉक्टर झिंक लिहून देतात ते १४ दिवस पूर्ण द्या. शी दोन दिवसांत थांबली तरीही. आणि मोठ्यांच्या डब्यातली जुलाब थांबवणारी गोळी अर्धी करून लहान मुलाला कधीच देऊ नका.

दात खाल्ले, लाळ गळली, रडलं की "जंत झालेत" हेही एक. अंगणवाडीतून जंताची गोळी ठरलेल्या वेळी मिळते, ती चुकवू नका, पण प्रत्येक कुरकुरीवर औषधाच्या दुकानातून बाटली आणायची गरज नाही.

थांबायचं नाही तेव्हा

हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, शीत मिसळलेलं रक्त, सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, खोल गेलेले डोळे, मूल मलूल पडून आहे: यात घरचा कुठलाच उपाय नको, लगेच दवाखाना. वजन वाढत नसेल किंवा जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा. त्यावरून तपासण्यांची दिशा बदलते.

आणि जाताना शीचा फोटो काढून न्या. "कडक होती, म्हणजे तशी मध्यम" या वर्णनापेक्षा डॉक्टरांना एका फोटोतून जास्त कळतं. फक्त नंतर तो काढून टाका. आमच्या फोनमध्ये तो गणपतीच्या आरासीच्या दोन फोटोंच्या मधोमध राहिला होता, आणि सासूबाईंनी कौतुकानं फोन भिशीतल्या बायकांच्या हातात दिला.