गेटपासून कमोडपर्यंत: सोसायटीत वृद्धांची आणि दिव्यांगांची वाट मोकळी करताना

दर १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, ठाण्यातल्या नौपाड्यापासून नवी मुंबईतल्या नेरुळपर्यंत कितीतरी सोसायट्यांत शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात. कार्यक्रम गच्चीवर, आणि लिफ्ट गच्चीच्या एक मजला खालीच थांबते. ज्यांचा सत्कार, त्यांनाच दोघं जण काखेत हात घालून वर नेतात. वर्षातून एकदा तेही चालून जाईल. रोजची अडचण मात्र दोन ठिकाणी असते: खालच्या तीन पायऱ्या आणि घरातलं बाथरूम.

पायऱ्यांना उतार आणि बाथरूमला आधाराचे दांडे ज्याच्यासाठी करायचे, मोजपट्टी काढण्याआधी त्या माणसाशी बोला. आजोबांची गोष्ट सुनेला विचारू नका, ते समोर बसलेले असतात. “काका, कुठला हात जास्त भक्कम? उठताना कशाला धरता? रात्री किती वेळा उठावं लागतं?” या तीन उत्तरांवर अर्धं काम ठरतं. “मला नको ते दांडे, मी काय आजारी आहे?” असंही ऐकायला मिळेल. तेव्हा एकच दांडा बसवा, कमोडजवळचा. महिनाभरात दुसरा ते स्वतः मागतात.

खालच्या तीन पायऱ्या

उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणून उतार अठरा फूट लांब हवा. हा आकडा कमिटीत सांगितला की सगळे गप्प होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, “सहा फुटांत बसवून टाकू.” तो उतार स्कूटर चढवायला ठीक. व्हीलचेअरवर बसलेला माणूस तिथे एकट्याने चढू शकत नाही, आणि उतरताना मागचा धरणारा घसरला तर खुर्ची थेट गेटपर्यंत जाते.

सरळ अठरा फूट मिळत नसतील तर उतार वळवा: नऊ फूट वर, मग पाच फूट बाय पाच फूट सपाट टप्पा, मग उलट दिशेला नऊ फूट. वरच्या आणि खालच्या टोकालाही तेवढीच सपाट जागा ठेवा, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे सरकते. रुंदी कठड्याच्या आत निदान चार फूट. मोकळ्या कडेला तीन-चार इंच उंचीची वरंडी बांधा, म्हणजे चाक खाली उतरत नाही. गवंड्याला “थोडा उतार दे” असं सांगू नका. लेव्हल नळीने सुरुवात आणि शेवट यांतला फरक मोजून भिंतीवर खूण करून घ्या. काम झाल्यावर मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने तपासा. १:१२ म्हणजे साधारण ४.८ अंश. आठ-नऊ अंश दिसले तर पैसे देण्याआधी बोला.

उतार बहुतेक वेळा इमारतीच्या भिंतीलगत, झाडांच्या वाफ्याच्या जागी येतो, आणि नेमके तिथेच ड्रेनेजचे चेंबर असतात. चेंबरवर काँक्रीट ओतू नका. जूनमध्ये ते तुंबलं की उतार फोडावा लागतो आणि फोडलेला उतार पुन्हा कुणी नीट बांधत नाही. झाकण उताराच्या पातळीला वर घेऊन त्याची चौकट बसवून घ्या. गॅसच्या पाइपचा व्हॉल्व आणि अग्निशमन गाडीची वाट यांनाही हात लावू नका. सोसायटीच्या आर्किटेक्टला नकाशावर सही करायला लावलेली बरी.

वरचा थर कशाचा हे आपल्या पावसात फार महत्त्वाचं. पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट जुलैत काचेसारखा होतो. चेकर्ड लोखंडी पत्राही ओला झाला की दगा देतो. आडव्या रेघा ओढलेलं साधं खडबडीत काँक्रीट सगळ्यात बरं, टाईलच हवी असेल तर फ्लेम फिनिश, म्हणजे ज्योतीने पृष्ठभाग खडबडीत केलेला ग्रॅनाइट. शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश. रबरी मॅट टाकू नका. तिच्याखाली पाणी साचतं आणि ती माणसासकट सरकते.

कठडा दोन्ही बाजूंना हवा, दोन उंचींवर: साधारण ७६ आणि ९० सेंटिमीटर. पाइप मुठीत मावेल असा, ३८ ते ४५ मिलिमीटर जाड, आणि भिंतीपासून पाच सेंटिमीटर लांब, म्हणजे बोटं घासत नाहीत. उताराच्या दोन्ही टोकांना कठडा तीस सेंटिमीटर पुढे काढून खाली वळवा. उघडं टोक राहिलं की पदर किंवा झोळी अडकते.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्यालाही दोन्ही बाजूंनी कठडा लागतो. अर्धांगवायूने उजवी बाजू कमजोर झालेल्या माणसाला चढताना डावीकडचा कठडा धरता येतो. उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो आणि उपयोगाचा राहत नाही. एका बाजूचा कठडा अशा माणसाला फक्त वर नेतो. प्रत्येक पायरीच्या कडेला पाच सेंटिमीटरचा पिवळा पट्टा मारा, कारण मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला सगळ्या राखाडी पायऱ्या एकच दिसतात.

लिफ्टचं थोडक्यात: मजल्याशी नीट पातळीत थांबत नसेल तर मेकॅनिककडून पातळी लावून घ्या, दोन सेंटिमीटरच्या फटीत खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकतात. खुर्ची पाठीच्या बाजूने आत न्या, म्हणजे बाहेर येताना तोंड दाराकडे राहतं.

बाथरूम

दार पहिलं. आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. सुतार बोलावून ते बाहेर उघडणारं करा आणि आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप बसवा. घडीची व्हीलचेअर चोवीस ते सव्वीस इंच रुंद असते, शिवाय चाकावरच्या हाताला जागा लागते. जुन्या फ्लॅटचं बाथरूमचं दार बहुधा तेवढंच किंवा थोडंच मोठं. दार पूर्ण बाजूला सरकेल अशी ऑफसेट बिजागरी लावली की इंच-दीड इंच मिळतो. तेवढ्यानेही भागत नसेल तर चौकट फोडण्याआधी छोट्या चाकांची कमोड चेअर आणून बघा, ती बहुतेक दारांतून जाते.

आता दांडे. टॉवेल रॉड आधाराचा दांडा नव्हे, तो ओल्या टॉवेलचं वजन पेलायला असतो. रबरी कपाने चिकटणारे दांडेही नकोत, टाईलवर साबणाचा थर आला की सुटतात, तेही नेमके जोर लावल्यावर. स्टेनलेस स्टीलचा, ३२ ते ४० मिलिमीटर जाडीचा, स्क्रूने बसणारा दांडा घ्या.

कुठे बसवायचा हे कारागिराने ठरवायचं नाही. काकूंना कपड्यांनिशी कमोडवर बसायला सांगा, तीनदा उठायला लावा आणि प्रत्येक वेळी हात जिथे भिंतीला टेकतो तिथे खडूने खूण करा. तीनही खुणा जवळजवळ येतात. आडवा दांडा बहुधा सीटच्या वीसेक सेंटिमीटर वर पडतो, पण खूण वेगळी आली तर खुणेचं ऐका. नवी मुंबईतल्या जुन्या घरांमधले जेमतेम तीन फुटी संडास इथे उलट सोयीचे पडतात, दोन्ही भिंती हाताशी असतात. सीटची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर सांगतात, तरी खरं माप म्हणजे जमिनीपासून त्या माणसाच्या गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. राइझर, म्हणजे सीट उंच करणारा तुकडा, लावून सीट फार उंच झाली तर पाय लोंबतात आणि उठणं आणखी अवघड होतं.

भिंतीत काय आहे ते आधी ओळखा. जुन्या ठाण्यातल्या साडेचार इंची विटेच्या भिंतीवर टाईल आणि गिलावा मिळून इंचभर तरी जातो, म्हणून दोन इंची स्क्रू विटेत फक्त एक इंच राहतो. तीन इंची स्क्रू आणि दहा मिलिमीटरचा नायलॉन प्लग घ्या. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये कुठे काँक्रीटची भिंत, कुठे सिपोरेक्सचे हलके, सच्छिद्र ब्लॉक. काँक्रीटला रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं जड ड्रिल, लागतो, पण तिथे धरलेला दांडा हलत नाही. सिपोरेक्समध्ये साधा प्लग भुसभुशीत होऊन निघून येतो, केमिकल अँकरच (भोकात रसायन भरून घट्ट होणारा बोल्ट) लावा आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत दांड्याला हात लावू देऊ नका. टाईल भेदेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर टाईल तडकते. नळाच्या बरोबर वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून पाइप जातो आणि खालच्या मजल्यावर गळती सुरू होते. भोकात सिलिकॉन भरून मगच स्क्रू पिळा. शेवटी घरातल्या सगळ्यात जड माणसाने दोन्ही हातांनी लटकून बघायचं. कुरकुर आली तर दांडा काढून पुन्हा बसवायचा.

आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल नको, पायांना रबर असलेली पाठीची खुर्ची घ्या. बादली पायाशी ठेवली की तांब्यासाठी खाली वाकावं लागतं आणि तोल तिथेच जातो, म्हणून ती फूटभर उंचीच्या पाटावर ठेवा. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या पायाला गरम पाणी कळत नाही. आधी थंड पाणी, मग गरम, आणि हात घालून बघायचं ते दुसऱ्याने.

कागद

सोसायटीकडे अर्ज लेखी द्या, मापांसह नकाशा आणि दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत जोडा, आणि सेक्रेटरीच्या सहीची पोच घ्या. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचा उल्लेख करा, “कृपया सहानुभूतीने विचार व्हावा” हे वाक्य वगळा. उत्तरच आलं नाही तर तक्रार पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. घरात वृद्धांचे हाल होत असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, आणि आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाहाचा अर्ज प्रांत अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करता येतो.

लिफ्ट बंद पडली किंवा आग लागली तर कुणाला उचलून आणावं लागेल, याची यादी वॉचमनच्या केबिनच्या आत ठेवा. नोटीस बोर्डावर लावू नका, एकटं कोण राहतं हे चोरालाही तिथेच कळतं.

आणि उताराच्या पायथ्याच्या पाच फुटी सपाट जागेवर पिवळे तिरके पट्टे मारून घ्या. पट्टे वाळायच्या आत तिथे कुणाची तरी स्कूटर उभी राहते, म्हणून रंगकामाच्याच दिवशी दोन लोखंडी खांबही रोवा, आणि त्यांच्यामध्ये खुर्चीसाठी तीन फूट मोकळे सोडायला विसरू नका.